पांढऱ्या पेशीत लपलेला ताप

"ब्रुसेलोसिस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शेळ्या आहेत का घरी?"

परभणीच्या त्या दवाखान्यात माझी बायको सुमन गुडघे दाबत बसली होती. मी उभा होतो. शेळ्या आहेत, आणि त्या सुमनच सांभाळते. मी सेलू तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो.

ब्रुसेलोसिस म्हणजे जनावरांकडून माणसाला लागणारा जंतूंचा आजार. ताप येतो, जातो, पुन्हा येतो. घाम फुटतो, सांधे धरतात. अवेळी गर्भ पडलेल्या, गाभडलेल्या जनावराच्या वारेतून, म्हणजे गर्भाच्या वेष्टनातून, कच्च्या दुधातून हा जंतू अंगात शिरतो. पावसाळ्यात आमच्या दोन शेळ्या गाभडल्या होत्या. सुमननं नेहमीसारखी उघड्या हातानं वार ओढून काढली, राखेनं हात धुतले आणि भाकरी थापायला बसली. आमच्याकडं सगळेच असं करतात. शेळी सोडवायला हातमोजे घालणारं माणूस मी तरी पाहिलं नव्हतं.

दोन प्रकारच्या गोळ्या मिळाल्या. सहा आठवडे, खंड न पाडता. "एका गोळीनं लघवी लाल-नारिंगी होईल. रक्त नसतं ते. त्यांना सांगून ठेवा," डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या. सुमन तेव्हा यकृताच्या तपासणीसाठी रक्त द्यायला गेली होती. मी मान हलवली. आणि सांगायचं विसरलो.

ताप लवकर उतरला. कापसाची वेचणी सुरू झाली. एके सकाळी सुमन घाबरून आली. "आवो, उन्हानं आसंल म्हणले, पर लघवी रोजच लाल व्हायली. रगत तर जायलं न्हाई ना?"

मला त्याच क्षणी आठवलं. पण खरं कारण सांगितलं असतं, तर आपण विसरलो हेही सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "गोळ्या गरम पडल्यात. ताप तर गेलाय. ठेव बाजूला."

आमच्या भागात 'गरम पडलं' म्हटलं की पुढं कुणी विचारत नाही. तिनंही विचारलं नाही.

थंडीत तिची पाठ धरली. बसली की उठता येईना. एमआरआय, म्हणजे चुंबकाच्या साहाय्यानं काढलेलं शरीराच्या आतलं चित्र, त्यात दोन मणक्यांत सूज दिसली.

"गोळ्या पूर्ण झाल्या होत्या ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"हो," मी म्हणालो.

"मग मणक्याचा टीबीही असू शकतो. सुई घालून तुकडा काढावा लागेल."

बाहेर बाकावर त्या सुईसाठी आमचा नंबर पुकारायची वाट बघत बसलो. शेजारी एक म्हातारी नातवाला बिस्किट भरवत होती. सुमन माझ्याकडं न बघता हळूच म्हणाली, "खरं सांगा की त्यांला. पाठ माझी हाय. तुमची अब्रू राखायला ती मोडू द्यायची का?"

मी उठून डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेलो. गोळ्या मध्येच सोडल्या, मीच सोडायला लावल्या, आणि लघवीचं आठवूनही तिला सांगितलं नाही. सगळं बोललो. मागं सुमन दारात उभी होती. शेवटची गोष्ट तिनंही तेव्हा पहिल्यांदाच ऐकली.

डॉक्टरीणबाईंनी एक कोरा कागद पुढं ओढला. मग म्हणाल्या, "सर, पोरांना पेशी शिकवता ना तुम्ही?"

"हो."

त्यांनी कागदावर गोल काढला. वर्षानुवर्षं मी फळ्यावर काढत आलोय, तोच. कडेला प्रद्रव्यपटल, पेशीची वेस. काय आत घ्यायचं, काय नाही, ते ठरवणारी. मध्ये केंद्रक, सगळा कारभार बघणारं. ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका. आणि पाचक रसानं भरलेल्या इवल्या पिशव्या, लयकारिका.

"जंतू आला की रक्तातली पांढरी पेशी त्याला गिळते, एका पिशवीत कोंडते. मग लयकारिका येऊन त्या पिशवीला मिळते..."

"आणि त्याला पचवून टाकते," मी म्हणालो.

"पाठ आहे की! जंतूसुद्धा एक पेशीच. साधी, नीट केंद्रकही नसलेली. पण हा लयकारिकेला जवळ येऊ देत नाही. आपल्याच राखणदाराच्या पोटात राहतो, तिथंच वाढतो. ताप उतरला तरी आतले जिवंत असतात. ते संपेपर्यंत औषध चालू ठेवावं लागतं. धडा अर्धा शिकवून परीक्षा घेता का तुम्ही?"

दारातून सुमन म्हणाली, "म्हंजी नांगरट केली, अन् हराळीच्या तणाच्या मुळ्या तशाच ठेवल्या."

"अगदी तसंच," डॉक्टरीणबाई हसल्या. मला हसू आलं नाही.

सुई तूर्त लांबली. रक्ताची तपासणी पुन्हा झाली, तोच आजार उलटल्याचं निघालं. आता इंजेक्शनं, आणि गोळ्या कित्येक महिने.  घरी ताट वाढताना सुमन म्हणाली, "आठवलं हुतं, तरी न्हाई सांगितलं?" "हो," मी म्हणालो. "बरं," ती म्हणाली. त्या दिवसापासून गोळ्या तिनं स्वतःच्या ताब्यात घेतल्या. मळमळ झाली तरी घेतल्या. कमरेला पट्टा बांधून अंगणात चालली, आधी खांबापर्यंत, मग वेशीपर्यंत. मी शेळ्यांची रक्ततपासणी करून घेतली, ज्यांत दोष निघाला त्या वेगळ्या काढल्या आणि वार काढताना हातमोजे घाला म्हणून गल्लीत घरोघर जाऊन सांगितलं. काहींनी तोंडावर म्हटलं, "मास्तर, आता शेळीचं बाळंतपण तुमी शिकवणार का?" शिकवतो म्हणालो.

तुमच्याकडं जनावरं असतील तर उघड्या हातानं वार ओढू नका. दूध उकळा. ताप वारंवार येत असेल तर घरी शेळ्या-गुरं आहेत हे डॉक्टरांना आपणहून सांगा. आणि औषध सोडलं असेल, तर तेही सांगा. लाज वाटते. पण त्या खोटेपणापायी माझ्या बायकोच्या पाठीत सुई गेली असती.

गेल्या महिन्यात डॉक्टरीणबाई नवे रिपोर्ट बघून म्हणाल्या, "सूज गेली. बंद करा गोळ्या."

मी सुमनकडं वळून म्हणालो, "ऐकलंस? बंद करायच्या."

ती माझ्याकडं वळली नाही. डॉक्टरीणबाईंकडं बघत तिनं विचारलं, "बाई, तुमी सांगा. खरंच बंद करू?"

बरोबर केलं तिनं. त्यांनी हो म्हटल्यावर सुमन कशाचाही आधार न घेता खुर्चीतून उठली.