एक वाजून वीस मिनिटांची कॉपी

भूतखेत, संकेत, अंगात येणं... या सगळ्याला मी आयुष्यभर हसत आलोय. इथे अनुभव लिहिणाऱ्यांनाही मनातल्या मनात पुष्कळ टोमणे मारलेत. आता तुम्ही मला मारा, माझी तक्रार नाही. फक्त आधी माझा संताप ओकू द्या.

शनिवार पेठेत दुसऱ्या मजल्यावर आमचं छोटं ऑफिस आहे. शहराने गिळलेल्या गावांतल्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं रेकॉर्ड करून जपायचं, हे आमचं काम. कॉम्प्युटर माझ्याकडे. आधी ते आपटेसर बघायचे. काळ्या स्क्रीनवर काहीही करण्याआधी सर pwd टाइप करायचे. आपण कुठल्या फोल्डरमध्ये आहोत ते सांगणारी अगदी साधी कमांड. पण सर ती दोनदा मारायचे! मग ls, म्हणजे त्या फोल्डरमध्ये काय काय आहे त्याची यादी. एकदा मी चारचौघांत म्हणालो, "सर, चष्मा बदला, पहिल्यांदाही तीच जागा दिसते." सगळे हसले. सर हसले नाहीत. महिनाभरात त्यांनी काम सोडलं आणि गेल्या वर्षी वारलेही.

यंदाच्या मार्चमधली गोष्ट. धायरीचे सोपानराव चार वाजता येणार होते. त्यांच्या आईने दीड तास बसून गावातल्या एकेका शेताचं नाव आम्हाला सांगितलं होतं. त्या शेतांवर आता सोसायट्या आहेत, आणि म्हातारीही गेली. सोपानराव फोनवर म्हणाले होते, "फोटू लई हायेत साहेब, आवाज कुठंच न्हाई."

एक वाजता मी ऑफिसला कुलूप लावून जेवायला गेलो. कॉम्प्युटर चालूच होता, किल्ली माझ्या खिशात. दोनला परत आलो. डिस्क भरली होती, म्हणून फालतू फाइलींचा फोल्डर रिकामा करायला बसलो. स्क्रीनवर दोन काळ्या खिडक्या, दिसायला जुळ्या बहिणी. एकीत कचरा, दुसरीत धायरी. मी rm मारली आणि एंटर दाबलं. ही कमांड रद्दी बाजूला ठेवत नाही, थेट जाळते. परत काढायला रिसायकल बिन वगैरे काही नसतं.

मग बघतो तर कचरा जागच्या जागी. धायरी साफ.

बॅकअपची डिस्क? ती मीच आदल्या आठवड्यात पुसून दुसऱ्या कामाला घेतली होती. एवढा हुशार मी. एक pwd मारली असती तर कळलं असतं ना, मूर्खा, कुठे बसलायस ते!

निदान नक्की काय केलं ते बघावं म्हणून history मारली. मारलेल्या सगळ्या कमांड्स ती वेळेसकट दाखवते. दोन वाजून दहा मिनिटांनी माझी rm. आणि तिच्या वर, एक वाजून वीस मिनिटांनी...

pwd. pwd. ls. मग cp, म्हणजे कॉपी. धायरीचा अख्खा फोल्डर कॉम्प्युटरला जोडलेल्या दुसऱ्या डिस्कवर.

लगेच तिथे जाऊन बघितलं. सगळं होतं. म्हातारीचा दीड तास, एक मिनिटही कमी नाही.

मित्र म्हणतात, तूच मारली असशील, विसरलास. अहो, मी कॉपी करून ठेवणाऱ्यातला असतो तर ही वेळ आली असती का? तो कॉम्प्युटर इंटरनेटला जोडलेलाच नाही. दुसरी किल्ली ऑफिस चालवणाऱ्या मॅडमकडे, आणि मॅडम त्या दिवशी नागपूरला माहेरी. घड्याळही तपासलं, बरोबर होतं. आणि मी पुसणार हे मलाच ठाऊक नव्हतं, तर पन्नास मिनिटं आधी कुणाला ठाऊक होतं?

चारला सोपानराव आले. हेडफोन लावून ऐकताना आईच्या मागोमाग शेतांची नावं पुटपुटत राहिले. मग डोळे पुसत म्हणाले, "तुम्हीच जपलं न्हवं हे?"

मी म्हणालो, "हो, मीच."

माझ्या वडिलांच्या वयाचा तो माणूस माझ्या पाया पडायला वाकला. आणि मी पाय मागे घेतले नाहीत.

कॉपी कुणी केली, हे मी सिद्ध करू शकत नाही. पण सरांचं नाव घ्यायला एक सेकंद लागला असता, आणि तेवढंही माझ्याने झालं नाही. याचा राग काही केल्या जात नाही. यायचंच होतं सर, तर माझ्या माघारी कसले येता? समोर उभं राहून माझ्या कानाखाली वाजवायची होती.