तापाची सावड

कडावच्या अलीकडच्या वाडीत छायाचं तोंड बघायला कुणी राजी नव्हतं. ती वाडीची आशाताई. बाळंतिणी, तान्ही पोरं, आजारी म्हातारी यांची विचारपूस करायचं तिचं काम. पण आता ती अंगणात आली की बायका पाखडायचं सूप उचलून घरात जात. विहिरीवर तिची कळशी सगळ्यात शेवटी. आणि राग काही उगाच नव्हता, हे छायालाच सगळ्यात जास्त ठाऊक होतं.

ऐन आवणीत, भातलावणीच्या घाईत, करोनाची लस वाडीत आली. त्याआधी कर्जतच्या बैठकीत आरोग्य खात्याच्या साहेबांनी दम भरला होता की ताप, अंगदुखी असलं काही बोलायचं नाही, लोक बिथरतात, आणि आकडा भरायचाय. आता ज्यांना ताप लपवायचा होता त्यांना काही चिखलात उभं राहायचं नव्हतं. छायाने स्वतः लस घेतली तेव्हा ती गोधडीत कुडकुडत पडली होती, तरीही तिने बैठकीत मान डोलावली.

ठकूबाईने तिला सरळच विचारलं होतं, ताप तर येणार नाही ना? सुईच्या दुसऱ्याच दिवशी ठकूबाईच्या रानात सावड होती. आज सगळ्यांनी मिळून एकीचं शेत लावायचं, उद्या दुसरीचं, असा वाडीचा रिवाज. भाताची रोपं उपटून, मुठी बांधून तयार होती. छाया हसून म्हणाली, कसला ताप काकी, मुंगी चावल्यागत वाटतं.

तिच्या शब्दावर वाडीने सुई घेतली, आणि सकाळी निम्मी वाडी अंथरुणातून उठली नाही. ठकूबाई पडली, तिचा नवरा कोंडीराम पडला, सावडीच्या बायका पडल्या. त्यात पावसाने उघडीप दिली आणि बांधावरच्या मुठी उन्हात वाळून गवत झाल्या. ठकूबाईचं निम्मं रान त्या साली ओसाड राहिलं.

मग काय, लोकांच्या जिभेला हाड नसतं. कुणी म्हणे सुईत विष आहे, कुणी म्हणे छाया सरकारला विकली गेली. ठकूबाई असलं काही बोलली नाही. ती दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "तापाचं मला काय नाय. हिला ठावं हुतं, आन् तरी ही खोटं बोलली." वाडीच्या सगळ्या शिव्या एकीकडे आणि हे एक वाक्य एकीकडे. छायाला ते गिळता येईना.

भात कापणीला आलं तेव्हा दुसऱ्या डोसाचा दिवस ठरला. वाडी म्हणाली, आता या बाईच्या शब्दावर दंडसुद्धा उघडा करायचा नाही. इथेच छायाचा जीव टांगणीला लागला. उन्हाळ्यातल्या करोनाच्या लाटेत वाडीतला धडधाकट नागू तिच्या डोळ्यांसमोर श्वासासाठी तडफडून गेला होता. पुन्हा तसं झालं आणि वाडीने दुसरी सुई घेतलेली नसली, तर ते पाप कुणाच्या माथी? खरं बोलावं, तर साहेब कामावरून काढणार. नवरा किशोर खोपोलीच्या कंपनीत होता, त्याने बजावलं की गप्प बस.

ती गप्प बसली नाही. डोसाच्या दिवशी समाजमंदिरात साहेबांच्या देखत उभी राहून म्हणाली, "मागल्या टायमाला मी खोटं बोलले. ताप येतो, मलापन आलता. लाखात एखाद्याला जास्त तरास हुतो, म्हनून सुई घेतल्यावर हितंच बसायचं. दम लागला, अंगावर गांधी उठल्या, तर मला हाक मारायची. नागूचं जे झालं त्यापुढं हे थोडं हाय, आसं मला वाटतं. घ्यायची का नाय ते तुमी ठरवा. तापानं जो पडंल त्याच्या रानात मी इळा घिऊन उभी ऱ्हाईन."

साहेबांचा चेहरा आंबला. कोंडीराम मागून पुटपुटला, वरातीमागून घोडं आलं. बरेच जण उठून घरी गेले. उरलेल्यांत ठकूबाई होती. तिने छायाकडे न बघता बाही वर केली, आणि नंतर तिच्याकडे पाठ करून बसून राहिली.

छायाने शब्द पाळला. ज्याच्या घरी ताप, त्याच्या शेतात ती. कुणी चहा विचारला नाही. दुपारची भाकरी ती बांधावर एकटीच खायची. तिचं स्वतःचं भात मात्र पिकून उभं होतं. तिथे सावडीला यायचं कुणी नावही काढलं नाही. किशोर रोज चिडायचा की लोकांचं कापतेस आणि आपलं झडतंय.

शेवटी ती एकटीच विळा घेऊन आपल्या शेतात गेली, तर पदर खोचून ठकूबाई तिथे आधीच कापत होती. छाया घाबरतच म्हणाली, बरं नसेल तर राहू द्या ना काकी.

ठकूबाईने पाठ सरळ केली. "ताप आला मला. तू सांगितलंस तसाच आला, तसाच उतरला. माझी रोपं मेली ती मी इसरायची नाय. पन फुडं कायबी टोचायचं आसंल तर मला तू येऊन सांगायचं. त्या साहेबानं नाय."

छायाचे डोळे भरून आले, पण ठकूबाईला त्याचं काही कौतुक नव्हतं. ती पुन्हा वाकली आणि म्हणाली, "हात चालव गं. दाना झडतोय."