धोंड्याच्या महिन्यातला पिस्टन

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते माझ्या दाजींचे, म्हणजे थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या, नवऱ्याचे. दाजी सातवी पास. वीस वर्षं त्यांनी टेम्पोतून गाई-म्हशी घोडेगावच्या बाजारात पोचवल्या. त्यांच्या लग्नाची यादी आमच्या तिसगावच्या घरी ओट्यावर बसून झाली. कोणी काय द्यायचं ते दोन्हीकडच्या माणसांसमोर कागदावर उतरवायचं, ती यादी. तीत त्यांच्या चुलत्यांनी ‘नवरदेवास मोटरसायकल’ असं घातलं होतं. दाजींनी त्यांच्या हातातून पेन घेतलं, ती ओळ खोडली आणि खाली लिहिलं, ‘मोटरसायकल नको. मेव्हण्याला शेवटपर्यंत शिकवणे.’ मी तेव्हा नववीत होतो आणि बीजगणितात गटांगळ्या खात होतो. बैठकीतल्या बऱ्याच जणांना हा सौदा बुडीत वाटला. मलाही वाटला.

तरी मी शिकलो. आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो आणि पाथर्डीला ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला लागलो. कोंडलेल्या द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो, हा धडा मी बारा वर्षं शिकवतोय. उदाहरण नेहमीचंच, मोटारीचा ब्रेक. फळ्यावर पेडल, नळी, पिस्टन काढतो आणि पोरं मुकाट उतरवून घेतात. खरा ब्रेक मी कधी उघडला नव्हता. फळ्यावरचा ब्रेक चिकटत नाही, एवढा त्याचा मोठा गुण.

दाजींचा चिकटला. धोंड्याच्या महिन्यात आईने लेक-जावयाला जेवायला बोलावलं होतं. दाजींनी जुनी मोटार घेतली होती, तीत बसून दोघं आली. दारात उतरल्या उतरल्या दाजी पुढच्या डाव्या चाकापाशी वाकले.

“वास येतोय. ब्रेक धरून बसलाय. पान्हा आना बरं.”

आई आतून धावत आली. “अवो पाव्हणं, पान्हा कशाला? हात काळं करायचं का आज?”

अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू. त्याला तेहतीस अनारसे द्यायचे, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, नवे कपडे करायचे. विष्णूच्या हाताला ग्रीस लागलेलं आईला चाललं नसतं. गावातला मिस्त्रीही कुणाचा तरी जावई निघाला आणि धोंडे खायला शेवगावला गेला. अशा रीतीने त्या अंगणात ज्या एका माणसाला ब्रेक कळत होता, त्याला बाजेवर लोड लावून बसवण्यात आलं आणि पान्हा माझ्या हाती आला.

खरं सांगायचं तर मला आनंदच झाला. इतक्या वर्षांनी दाजींसाठी काहीतरी हाताने करायची संधी होती.

“सर, जमंल का?” दाजी बाजेवरून म्हणाले. मला नोकरी लागल्यापासून ते मला सर म्हणतात. त्यात आदर किती आणि खोडी किती, ते मला अजून सांगता येत नाही.

“साधा नियम आहे दाजी. द्रवाचा दाब...”

“दाब नंतर दे. आधी चाकाला दगड लाव.”

चाक काढलं, कॅलिपर, म्हणजे चाकाच्या तबकडीला चिमटीत धरणारा भाग, सोडवला. पिस्टनवरची रबरी टोपी फाटली होती, आत पाणी जाऊन गंज धरला होता. पिस्टन तिथेच रुतून बसला होता. दाजींनी सांगितलं, “पंक्चरवाल्याकडं न्हे. हवा मारली की भाईर येतो. आन् समोर बोट धरू नको, चेचंल.” तेवढ्यात आईने त्यांना ताटावर बोलावलं. ते चौदा धोंडे खाऊन बाजेवर आले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

पंक्चरवाल्याकडे ‘सर’ कॅलिपर घेऊन जाणार म्हणजे निम्मा गाव गोळा होणार. मला ते नको होतं. मी पक्कड घेतली, पिस्टनला धरलं आणि पिरगाळलं. तो घसरला. पुन्हा धरून जोर लावला तेव्हा तो हातात आला आणि त्याच्या चकचकीत अंगावर बोटभर लांब चरा आला. नेमका तिथे, जिथे रबरी सील बसून तेल अडवतं.

पाथर्डीला जाऊन नवं सील आणि नवी टोपी आणली. दुकानदार म्हणाला, पिस्टन नगरहून मागवावा लागेल, दोन दिवस जातील. दाजींना दुसऱ्या दिवशी सकाळी करंजी घाटातून नगरला जायचं होतं, आक्काचे डोळे तपासायला. मी विचार केला, सगळीकडे कशाला बोभाटा. पॉलिश पेपरने चरा घासला. बोट फिरवलं की लागेना, पण डोळ्याला दिसत होता. म्हणून मी डोळा काढून घेतला आणि पिस्टन आत बसवला.

नळीत शिरलेली हवा काढायला आक्का पेडलवर बसली. “दाब. धर. सोड.” ती म्हणाली, “शाळंत असाच वरडतो का रं पोरांवर?” थेंबही गळला नाही. दाजी उठले, त्यांनी अंगणात गाडी मागे-पुढे केली, पेडल दाबून पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “यादीतली वळ फुकट गेली न्हाई.”

ते ऐकल्यावर रात्रीचं जेवण मला गेलं नाही.

सकाळी आईने गाडीला हळद-कुंकू लावलं. आक्का पुढे बसली, मांडीवर अनारशांचा डबा. दाजींच्या अंगात आहेराचा कडक इस्त्रीचा सदरा होता. त्यांनी गाडी चालू केली आणि मी खिडकी धरली.

“दाजी, जरा उतरा.”

“का? आनखी धोंडे ऱ्हायले का?”

“पिस्टनला चरा हाय. मी पाडला. कालच पाडला. घासून बसवला.” कॉलेजात बोलायची भाषा त्या वेळी तोंडात आलीच नाही.

दाजींनी चावी फिरवून गाडी बंद केली. त्यांनी माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता, तेव्हाही चढवला नाही. म्हणाले, “तुझी बहीन बसलीय हितं. घाटात घिऊन चाललो व्हतो मी हिला.”

ते उतरले आणि त्यांनी दार आपटलं. आईला वाटलं जावई रुसला. “सदरा न्हाई का आवडला? बदलून आनू का?” म्हणत ती मागे लागली. त्यांनी सदरा काढून तिच्याच हातात दिला आणि बनियनवर चाकापाशी बसले.

“अवो पाव्हणं, आज तरी...”

“मामी, जावई त्यो बाजंवर बसलाय असं समजा. मी डायवर हाय.”

चाक निघालं. टोपीच्या कडेला तेलाचा ओला डाग दिसत होता. अंगणातल्या चार पेडलांत एवढा, तर घाटात किती, ते त्यांनी बोलून दाखवलं नाही. त्यांनी माझं बोट धरून त्या डागावर टेकवलं.

“चरा पडतो रं. माझ्याच्यानंबी पडलेत. पन पिस्टनला पडल्याला चरा घासून जात न्हाई, पिस्टन बदलायचा असतो. कोन शिकवतं तुमाला?”

“मीच शिकवतो,” मी म्हणालो. आक्का गाडीत हसली. दाजी हसले नाहीत.

मी म्हटलं, दोन दिवसांत करून फोन करतो. ते म्हणाले, “फोन नको. फोनवर तू लई ग्वाड बोलतो. काय काय बदललं, ते लिहून धाड. लेखी आलं तरच गाडी न्यायला यीन.” मग हात धुतले, सदरा घातला आणि डबा आक्काच्या हातात देऊन दोघं एसटीने नगरला गेली.

हे पत्र मी पुढच्या पंधरवड्यात त्यांना पाठवलं.

तीर्थस्वरूप दाजी यांस,

साष्टांग नमस्कार.

विषय: पुढच्या डाव्या चाकाच्या ब्रेकबाबत.

पिस्टन नवा टाकला. जुना सोबत पाठवला आहे, चऱ्यासकट. सील पुन्हा नवं घातलं, कारण पहिलं त्या चऱ्यावर घासलं होतं. मी चरा घासला तिथली वरची चकाकीच गेली होती, म्हणजे मी एका चऱ्याचं मैदान केलं होतं. रबरी टोपी नवी. दोन्ही पुढच्या चाकांचे पॅड नवे. ब्रेक ऑइल सगळं बदललं.

तुम्हाला माहीत नसलेली एक गोष्ट. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो, त्यांना मी पहिल्या वेळी बैलगाडीच्या आसाचं ग्रीस लावलं होतं. त्याने रबर फुगतं. मिस्त्रीने सांगितलं तेव्हा कळलं. ते पुसून योग्य ग्रीस लावलं आणि पिनांचं रबरही बदललं. ही दुसरी चूक तुम्हाला दिसली नव्हती, म्हणून लिहिली.

मिस्त्री शेजारी बसून होता. त्याने हात लावला नाही. पिस्टन हवेने कसा काढायचा ते फक्त त्याने मला पंक्चरवाल्याकडे एका तुटक्या कॅलिपरवर दाखवलं. गाव गोळा झालं. हसलं. मी मेलो नाही.

गाडी तीनदा करंजी घाटातून चढवली-उतरवली. पहिल्यांदा एकटाच होतो. नंतर आई हट्टाने बसली. ती दोन्ही खेपांना डोळे मिटून देवाचं नाव घेत होती, तेव्हा तिचं मत धरू नका. चाक गरम होत नाही, तेल ओलं होत नाही.

वर्गात आता आकृतीनंतर कॅलिपर टेबलावर ठेवतो. मुलं झोपत नाहीत. काही झोपतात.

आक्काच्या डोळ्यांचं काय झालं ते कळवा. तिला त्या दिवशी गाडीत बसू दिलं, याबद्दल तिची माफी मी फोनवर मागितली. ती ‘येड्या’ म्हणाली आणि भाजी जळते म्हणून फोन ठेवला. तुमची मागायची राहिली आहे. ती लेखी मागतो.

धोंड्याचा महिना संपला आहे. आता तुम्ही नुसते दाजी आहात, आई आडवी येणार नाही. या, आणि माझ्या शब्दावर गाडी नेऊ नका. आधी चाक खोलून बघा. पान्हा डिकीत ठेवला आहे.

तुमचा मेव्हणा