भिका आण्णांनी दाखवलेला हद्दीचा दगड

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, आजही नाही. सातपूरला कंपनीत लेथ मशीनवर उभं आयुष्य गेलं. मोजता येतं तेवढंच खरं मानायची सवय. तरी नव्वदच्या दशकातली ही गोष्ट काही केल्या मापात बसत नाही...

निफाडजवळ आमची द्राक्षबाग, शेजारी भिका आण्णांचं रान. दर नांगरटीला बांध थोडाथोडा आमच्याकडे सरकायचा. बागेची कडेची ओळ जायची वेळ आली, तेव्हा माझ्या वडिलांनी — दादांनी — सरकारी मोजणी आणली. आण्णांनी ती मानलीच नाही. "हद्दीचा जुना दगड दाखवा, मग बोला." दगड तर गायब! दावा कोर्टात गेला, बोलणं बंद झालं.

एकदा सुट्टीला गावी आलो होतो. सकाळी मोटर चालू करायला गेलो, तर आण्णा बांधावर उभे. धोतर, बंडी, पाय अनवाणी.

"तुझ्या दादाला सांग, दगड हितंच हाय. म्याच खोल गाडला," म्हणाले आणि पायाने जागा दाखवली.

मी बटण दाबून वळलो, तर कोणी नाही. कांदा काढलेलं मोकळं रान, आडोसा म्हणून नाही.

घरी सांगितलं तर दादा भडकले. "खुळा झाला का? आण्णाला लकवा मारलाय. नाशिकला दवाखान्यात पडून हाय, वाचा पण गेली!"

मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

तरी दादांनी आण्णांच्या मुलाला, सोपानला बोलावलं. तो हसला. "खणू. पण नाय निघाला तर दावा मागं घ्यायचा."

दादांनी कोपऱ्यातली पहार उचलली. मग म्हणाले, "घेतो."

कमरेइतकं खणल्यावर पहार खणकन वाजली. दगड! सोपान खड्ड्यातच बसला. "आमाला बी कधी बोलले नाय..."

त्याने स्वतः बांध मागे घेतला. दावा मिटला. आण्णा घरी आले, पण खाटेवरच. बोलले नाहीत ते शेवटपर्यंत. एकदा शेजारी कोणी नाही पाहून मी विचारलं, "आण्णा, त्या दिवशी बांधावर तुम्हीच होता ना?"

त्यांनी मान हलवली — हो.

आजारी माणूस कशालाही मान हलवतो, म्हणून खात्रीसाठी पुन्हा विचारलं, "दवाखान्यातून आला होता?"

आण्णांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मान हलवली — नाही.

मग कुठून आला होता, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.