निसवेपर्यंत

धानातली भेसळ घाईनं उपटायची नसते, हे मायनं मला मी सातवीत असताना शिकवलं. मुलचेऱ्याच्या अलीकडं आमच्या तीन बांध्या, म्हणजे भातखाचरं, आहेत आणि आम्ही घरचंच बियाणं ठेवतो. तेच बियाणं वर्षानुवर्षं पेरत गेलं की त्यात थोडी थोडी परकी रोपं शिरतात. हिरवी असेपर्यंत ती बाकीच्यांसारखीच दिसतात. लोंब बाहेर पडली, म्हणजे धान निसवला, की मग चोर सापडतो. एखादं रोप बाकीच्यांपेक्षा हातभर उंच निघतं, एखाद्याच्या लोंबीला कुसळ असतं, एखादी लोंब लालसर असते. तेव्हा बांधीत उतरायचं आणि ते मुळासकट काढायचं. त्याआधी हात लावला की चांगला धान जातो. मी एकदा शहाणपणा करून, निसवण्याआधीच, नुसती उंच दिसतात म्हणून, आठ-दहा रोपं उपटली होती. मायनं ती बांधाच्या धुऱ्यावर ओळीनं मांडली आणि बापाला दाखवली. बाप म्हणाला, "हे मास्तरीण होईन. बिना पाहता बोट दाखवते."

मास्तरीणच झाले. भद्रावतीला ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. बाप गेला, माय एकटीच गावाकडं राहिली. सुट्टी लागली की मी चंद्रपूर, गोंडपिपरी, आष्टी असं गाड्या बदलत तिच्याकडं जायची.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघी बांधीत भेसळ काढत होतो. जड धान होता, उशिरा निसवलेला. माय पुढं, मी मागं. त्या दिवसांत मी एक लेख वाचून भारावून गेले होते. मला नवीन काही कळलं की ते कुणाच्या तरी गळ्यात उतरवल्याशिवाय चैन पडत नाही, आणि समोर मायच होती.

मी तिला सांगितलं की आपल्या अंगातही असंच होतं. अंगातल्या बहुतेक पेशी सतत नव्या होत असतात. एकीच्या दोन होताना आतला सगळा मजकूर पुन्हा उतरवावा लागतो, आणि उतरवताना एखादं अक्षर चुकतं. उन्हानं चुकतं, तंबाखूनं चुकतं, काही न करता नुसतं वय वाढलं तरी चुकतं. आईच्या पोटात असल्यापासून ह्या चुका साठत जातात. साठीच्या माणसाची धडधाकट कातडी तपासली, घशाखालच्या अन्ननलिकेचं अस्तर तपासलं, तर जागोजागी अशा चुकलेल्या पेशींची ठिगळं सापडतात. कर्करोगात सापडणाऱ्या चुकासुद्धा त्यांत असतात. आणि तरी माणूस ठणठणीत असतो, जेवतो, धानाच्या लावणीला, रोवण्याला जातो.

"म्हंजे माह्या अंगात बी भेसळ हाय?" मायनं विचारलं.

"सगळ्याइच्या अंगात हाय. तुह्या, माह्या. बहुतेक त काईच करत नाई, पडून राह्यते."

ती थांबली. हातातली कुसळाची लोंब तिनं बोटांनी चिमटून पाहिली.

"मंग त्यातली खराब कोणती, ते कसं समजते?"

आणि मी हसत, स्वतःवर खूश होत म्हणाले, "ते निसवल्याबिगर नाई समजत, माय."

मायनं पदर सारखा केला, लोंब धुऱ्यावर फेकली आणि पुढच्या ओळीत गेली. त्या दिवशी ती खूप हलकी वाटली मला. येताना गाणं गुणगुणली. मला वाटलं, माझ्या शिकवण्याचा आनंद झाला तिला.

यंदाच्या श्रावणात रोवणा आटोपल्यावर मी दोन दिवसांसाठी गेले. माय कुठंतरी शेजारी गेली होती. मी कपडे धुवायला घेतले. तिच्या चोळीच्या आत जुन्या लुगड्याची चौपदरी घडी टाचलेली होती. त्या घडीवर पिवळट-लाल डाग होते आणि तो वास, तो मी अजून विसरू शकत नाही. मी दगडावरच बसून राहिले. माय आली, तिनं माझ्या हातात काय आहे ते पाहिलं, आणि लाजली. साठी उलटलेली माझी माय नव्या नवरीसारखी लाजली.

"कधीपासून?" मी ओरडले.

"गाठ त मागच्या सालच्या रोवण्यापासून हाय. दुखत नोती. मी इचारनारच होती तुले दिवाळीत. पन तू सोताच सांगतलं ना, सगळ्याइले राह्यते म्हणून. निसवल्याबिगर समजत नाई म्हणून." मग खाली बघत, जणू एखादं काम वेळेवर केल्याचं सांगावं तशी ती म्हणाली, "आता निसवली वो. पंधरा दिवस झाले. तू येशीनच, मंग दाखवू म्हटलं."

ती वाट पाहत होती. शेतातला नियम पाळत होती. घाईनं हात लावला तर चांगलं जाईल म्हणून तिनं दिवाळीपासून गाठ कुणाला दाखवली नाही, आणि हा नियम तिच्या अंगाला लावून देणारी मी. गाठ म्हणजे निसवलेलीच असते, हे मी बोलले नव्हते. ज्या पेशी मी सांगत होते त्या डोळ्याला दिसत नाहीत, हाताला लागत नाहीत. हाताला लागलं म्हणजे उशीर सुरू झाला, त्याच दिवशी निघायचं. एवढं एक वाक्य. पोरांना परीक्षेसाठी मी टिपा लिहून देते, महत्त्वाच्या वाक्याखाली रेघ मारायला लावते. मायला मी ते वाक्यच दिलं नाही.

चंद्रपूरला डॉक्टरांनी तपासलं आणि नागपूरला पाठवलं. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी मायला विचारलं, "आजी, इतके दिवस का थांबलात?" माय माझ्याकडं बघून हसली आणि म्हणाली, "कामं होती वो बाई." माझं नाव तिनं घेतलं नाही. डॉक्टरीणबाई मग मला म्हणाल्या, "तुम्ही तर शिकलेल्या आहात." त्यात टोमणा नव्हता, त्या दमलेल्या होत्या. पण त्या दिवसापासून ते वाक्य माझ्या कानात आहे. भाजी चिरताना आहे, फळ्यासमोर आहे.

मणक्यात गेलंय, यकृतात गेलंय. बाईंनी मला बाहेर बोलावून सांगितलं की आता औषधं त्रास कमी करायला. मी विचारलं, मागच्या दिवाळीत आणलं असतं तर? त्यांनी कागद पुन्हा चाळले. "खात्री कुणीच देणार नाही," त्या म्हणाल्या, "पण तेव्हा करण्यासारखं पुष्कळ होतं." मी त्यांचे आभार मानले. त्या क्षणी आणखी काय करतात ते मला सुचलं नाही.

भेटायला येणारा प्रत्येक माणूस विचारतो, कशानं झालं? कुणी म्हणतं शेतातल्या फवारणीनं. कुणी म्हणतं लेकीकडं राहायला गेली होती, तिकडच्या खाणींतल्या कोळशाच्या धुळीनं. मला चीड येते. कशानं झालं ते मी सांगू शकते. बहुतेक कशानंच नाही, नुसतं जगल्यानं. त्रेसष्ट वर्षं त्या शरीरानं स्वतःला पुन्हा पुन्हा उतरवून काढलं, कुठंतरी अक्षरं चुकत गेली, आणि एका ठिकाणी नको ती चार एकत्र आली. त्यात कुणाचा दोष नाही. थांबलो कशानं ते विचारा, मग मी उत्तर देते. पण ते कुणी विचारत नाही.

कॉलेजातून रजा घेऊन मी आता गावातच आहे. धान पुन्हा निसवला आहे. मायची बाज मी पडवीत टाकली आहे, तिथून जवळची बांधी दिसते. काल सकाळी ती उशीला टेकून बसली आणि बोट दाखवू लागली. ते बघ, कोपऱ्यात, ते उंच. ते कुसळाचं. मी उतरून एकेक काढत होते. ती अंगानं अर्धी झाली आहे, पण नजर तशीच आहे. दहा-बारा झाली तेव्हा तिनं मला वर बोलावलं. मी चिखलाच्या पायांनी बाजेच्या कडेला बसले.

"एक सांग मले," ती म्हणाली. "खरं सांगशीन. तवाच दाखवलं असतं त फरक पडला असता का वो?"

मी वीस वर्षं शिकवते आहे. चुकीचं उत्तर मी मुद्दाम कधी दिलं नाही. येत नसेल तर उद्या सांगते म्हणते. माझ्या हातात कुसळाची लोंब होती आणि ती टोचत होती.

"नाई, माय," मी म्हणाले. "काईच फरक नसता पडला."

"तसंच वाटलं मले बी." तिनं माझ्या हातातली लोंब काढून घेतली, बाजेखाली टाकली. "म्हंजे तुही चूक नाई. झालं त मंग."

मी मान हलवली. मला चेहरा फिरवता आला नाही.

"मंग काऊन रडून राह्यली?" मायनं विचारलं.