तामोरेबाईंना सोडता येत नाही

पुष्पलता तामोरे ही तारापूरजवळच्या किनाऱ्यावरची, मासेमारी करणाऱ्या मांगेल्यांच्या घरातली पहिली नर्स. सत्तर साली तिचं शिक्षण पुरं झालं आणि बोईसरला कारखान्यांची धुरांडी उभी राहिली, तेव्हापासून ती तिथल्या एका सरकारी इस्पितळात अपघात विभाग सांभाळत होती. अपघात विभाग म्हणजे दोन खाटा, एक नळ, एक हिरवा पडदा आणि ती. शिकताना तिला साप शिकवला होता, बाळंतपण शिकवलं होतं, बुडालेला माणूस शिकवला होता. ॲसिड कुणी शिकवलं नव्हतं. आणि शिफ्टच्या बसमधून दारात उतरत होतं ते ॲसिडच.

दरवर्षी जिल्ह्याहून एक पत्र यायचं. तातडीच्या उपचारांचं प्रशिक्षण, पंधरा दिवस, मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात, एक परिचारिका पाठवावी. पंच्याऐंशी साली ते सातव्यांदा आलं, आणि सातव्यांदा ती हेडक्लार्क खंडेरावांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

"यंदा माझं नाव घाला."

"यादी ज्येष्ठतेनं ठरते, सिस्टर."

"ज्येष्ठतेनं मी दुसरी हाय. गेल्या साली तिसऱ्या नंबरच्या गेल्या, त्या कशा?"

खंडेराव हसले. "अहो, तुम्ही गेलात तर अपघात विभाग कोण बघणार? डॉक्टरसाहेब स्वतः म्हणाले, तामोरेबाईंना सोडता येत नाही. ही तर तुमची स्तुती झाली!"

"स्तुती तुमच्या घरी न्या. मला पत्र द्या."

पत्र गेलं कुटुंबनियोजनाच्या सिस्टरकडे. त्यांच्या निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं आणि त्यांनी भाजलेला माणूस शेवटचा कधी पाहिला होता ते त्यांनाही आठवत नव्हतं. म्हणजे बघा, जिच्या हातात रोज माणूस कण्हतोय तिला शिकायला सवड नाही. जिला सवड आहे तिनं शिकायचं. हा नियम कुणी लिहिला नव्हता. पण पाळत मात्र सगळे होते, अगदी मनापासून.

सिस्टर परत आल्या. सर्टिफिकेट भिंतीवर लागलं. सोबत आणलेली उपचारांची पुस्तिका खंडेरावांनी साठा-नोंदवहीत चढवली, तिच्यावर नंबर टाकला आणि पोलादी कपाटात ठेवून कुलूप लावलं. सरकारी वस्तू. वापरली तर खराब झाली असती.

नोव्हेंबरात एका दुपारी चार कामगारांनी मंगळ्याला उचलून आणलं. डोंगराकडच्या पाड्यावरचा माणूस, ठेकेदाराकडे पिंप हलवण्याच्या कामाला. तोंडावर ॲसिड उडालं होतं, आणि त्यावर पांढरा गिलावा. उजवा डोळा त्या पांढऱ्याखाली दिसतच नव्हता.

"हे काय लावलंत?"

"चुना, सिस्टर." मुकादम अभिमानानं सांगत होता. "तंबाखूची डबी सगळ्यांकडे असते ना. चौघांच्या डब्या रिकाम्या केल्या. ॲसिड सांडलं की आम्ही फरशीवर चुनाच टाकतो, मरतं ते."

"माणूस फरशी हाय का रे?"

तिनं चेहऱ्यावर पाणी ओतलं. दोन तांबे, तीन तांबे. चुना वाहून गेल्यासारखा वाटला. मग शिकली होती तसं मलम भरलं, डोळ्यावर पट्टी बांधली आणि मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात न्यायला ड्रायव्हर देवूला गाडी काढायला सांगितली.

देवू दुसऱ्या दिवशी परतला. गाडीतून उतरेना.

"काय बोलले?"

"बाई, जाऊ द्या."

"देवू, बोल."

"मोठे डॉक्टर लय तापले. बोलले, पापणी उलटून कुणी बघितलं नाय? आत चुन्याचे खडे होते. रस्ताभर जाळत गेले. डोळा नाय वाचला."

ती तशीच खंडेरावांकडे गेली. "कपाट उघडा."

"कशाला? अर्ज तरी द्या..."

"उघडा, नायतर मी पहार आणते."

पान चौदा. डोळ्यात चुना गेल्यास पापणी उलटावी, खडे काढावेत, सलाइनच्या नळीनं निदान अर्धा तास धुवावं, मग बाकीचं. चित्रसुद्धा होतं. दोन महिने ही पुस्तिका तिच्या नळापासून वीस पावलांवर होती!

महिन्यानं मंगळ्या दाखवायला आला. "बाय, हा डोला परत येल का?"

नशीब होतं, देवाची मर्जी, असं सांगून मोकळं होता आलं असतं. आजूबाजूचे सगळे तेच सांगत होते. ती म्हणाली, "नाय येणार. मला नीट येत नव्हतं रे, मंगळ्या."

त्यानं उरलेल्या डोळ्यानं तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही, नवल वाटल्यासारखं. "तुला नाय शिकवला कोनी?"

जानेवारीत मुंबईला प्रशिक्षणाची दुसरी तुकडी होती. तिनं रजेचा अर्ज टाकला. साहेबांनी बोलावलं.

"पंधरा दिवस? इथे कोण बघेल?"

"ज्या शिकून आल्या त्या बघतील, सर. भिंतीवर सर्टिफिकेट हाय त्यांचं."

साहेबांनी अर्ज सही न करताच बाजूला सरकवला. मुलाखत संपली असं समजून ती बाहेर पडली आणि सोमवारी मुंबईला गेली.

तिथल्या कारकुनानं यादी वरून खाली पाहिली. "तुमचं नाव नाही."

"नाव नको. खुर्चीपण नको. मागं उभी राहते."

शिकवणाऱ्या डॉक्टरबाईंनी मान वर केली. "कशासाठी आलात?"

"पापणी उलटायला शिकायला."

"या पुढे," त्या म्हणाल्या, आणि तिच्याच डोळ्यावर साऱ्या वर्गाला पहिलं प्रात्यक्षिक दिलं. पुढचे पंधरा दिवस ती एकही तास चुकली नाही. सर्टिफिकेट मात्र मिळालं नाही. यादीत नाव नव्हतं ना!

परतली तर टेबलावर मेमो. रजा मंजूर नसताना गैरहजर, शिवाय विनापरवानगी प्रशिक्षण घेतले, खुलासा करावा. ती शिकली नव्हती म्हणून एका माणसाचा डोळा गेला त्याबद्दल कुणी मेमो काढला नव्हता, आणि शिकली म्हणून काढला.

खंडेरावांनी समजुतीच्या सुरात कागद पुढे सरकवला. "दोन ओळी लिहा, बाई. चूक झाली, पुन्हा होणार नाही. मी मिटवून टाकतो."

तिनं उभ्यानंच लिहिलं. खंडेराव वाचू लागले आणि त्यांचा आवाज हळूहळू बसत गेला.

"चूक झाली. ती नोव्हेंबरात झाली, मंगळ्या नावाच्या कामगाराच्या उजव्या डोळ्याबाबत. त्या वेळी उपचारांची पुस्तिका कार्यालयाच्या कपाटात कुलूपबंद होती आणि मला सात वर्षे प्रशिक्षणाला सोडलेले नव्हते. पुन्हा होणार नाही, कारण आता मला येते."

"हे... हे असं नाही चालत, सिस्टर. हे वर जिल्ह्याला जाईल."

"जाऊ दे की." ती हलली नाही. "आवक नंबर टाका. शिक्का मारा. मारल्याशिवाय मी इथून जात नाय."