मामांनी टाळलेला गूळ

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे असतील तर ते माझ्या मामांचे, चकलांब्याच्या यशवंतरावांचे. गेल्या महिन्यात हैदराबादेस माझ्या बिऱ्हाडी गावाकडचा माणूस आला आणि जोडेही न काढता म्हणाला, "यशवंतमामा गेले." मी बी.ए. झालो तो त्यांच्यामुळे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी पाटीसुद्धा धरली नव्हती. मामांनी मला त्यांच्या घरी ठेवून घेतलं, शिकवलं.

मामा सोयरिकी जुळवत. आसपासच्या गावांत त्यांच्या शब्दावर मुली दिल्या जात. आमच्याकडे बोलणी संपली की मध्यस्थानं गुळाचा पहिला खडा तोंडात घालायचा. त्याशिवाय सोयरीक पक्की धरत नाहीत. अशा माणसाला मधुमेह झाला. हैदराबादच्या डॉक्टरांनी गूळ, साखर, आंबा, केळी, सगळं बंद केलं.

"सीताफळबी न्हाई?" मामांनी मला विचारलं. "आरं, डोंगरातलं फुकटचं फळ ते!"

"जांभळं चालतील, मामा."

"आन् जांभळं सरल्यावर काय, बिया चघळू?"

पुढे ते सीताफळ नुसतं हातात घेऊन हुंगत आणि ठेवून देत. जवाची भाकर खात. पण आजाराची वाच्यता होऊ देत नसत. दुष्काळात लोक पाल्यावर दिवस काढतात, आणि आपल्याला मात्र गोडाचा रोग... याचीच त्यांना शरम होती.

तेलगावला एका सोयरिकीला मी त्यांच्यासोबत होतो. बोलणी जमली, गूळ पुढे आला. मामांनी खडा उचलला आणि हळूच उपरण्यात सरकवला. मुलीच्या बापानं ते पाहिलं.

"गूळ कावून लपिवला, पाटील? पोरात कायी खोट हाय का?"

मुलाकडची मंडळी उठायला लागली. मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्या रोगाची सगळी माहिती मला होती, मी सांगू शकलो असतो. पण दाराआड बायका होत्या. परक्या घरात ते कसं बोलावं... मी मान खाली घातली.

शेवटी मामाच म्हणाले, "खोट पोरात न्हाई, माज्यात हाय. मला गोडाचा रोग हाय. लघवीला मुंग्या लागत्यात."

कोपऱ्यातून एक म्हातारा बोलला, "तरीच! सोयरिकी जुळवून जुळवून गूळ अंगात उतरला म्हना!"

सगळे हसले. सोयरीक टिकली. मामाही हसले. पण परतताना गाडीत म्हणाले, "बाया ऐकत हुत्या रं..."

त्यानंतर ते कुठल्याच बैठकीला गेले नाहीत. बोलावणं आलं की अंग बरं नाही म्हणून सांगत. मला त्यांच्यापुढे जायला तोंड नव्हतं. धाकट्या बहिणीची सोयरीक निघाली तेव्हा कुठे पत्र लिहायचा धीर झाला. मामी सांगतात, पत्र ऐकून त्यांनी ठेवणीतलं धोतर धुवायला काढलं होतं. पण निघायच्या आधीच ते गेले. पत्र असं होतं:

"तीर्थरूप मामांस साष्टांग नमस्कार. गंगूची बोलणी तुमच्यावाचून होणार नाहीत. व्याह्यांना तुमच्या आजाराचं मी स्वतः सांगितलं आहे, सगळ्यांदेखत, बायकाही होत्या. गूळ आणणार नाही. आई जवाची भाकर करील. पहिला तुकडा तुम्ही मोडायचा. तेलगावला मी बोलायला हवं होतं. बैलांची दमणी पाठवतो. या."